आरोपी माय आणि ठाण्याची वही

माझ्या मायनं सिनेमा अर्ध्यातच बंद करायला लावला.

सिनेमाचं नाव '२०० हल्ला हो'. २०२१ च्या ऑगस्टात तो झी फाइव्हवर आला. आला तेव्हाच मी एकट्यानं पाहिला होता, अभ्यास मंडळात त्यावर तावातावानं बोललो होतो, टाळ्याही घेतल्या होत्या. मायला दाखवायचं मात्र राहूनच गेलं. परवा रात्री पाण्याच्या गुंडाला मोबाइल टेकवला आणि म्हटलं, माय, ये, बस, आपल्या इकडच्या बायांचा सिनेमा आहे. ती बसली. सुरुवातीलाच कोर्टात बाया घुसतात, आरडाओरडा, काळोख, रक्त. तिनं डोळे मिटले नाहीत की तोंडावर पदर घेतला नाही. नीट पाहिलं. मग पोलीस वस्तीत येतात आणि पाच बायांना उचलून नेतात. तिथं ती म्हणाली, "बंद कर बाबू ते. मले झोप येऊन रायली."

झोपबीप काही नाही. रात्री दोनपर्यंत ती जागी होती. मी कूस बदलली की तीही बदलायची.

खून पाहवला आणि अटक पाहवली नाही. हे काय आहे, ते समजून घ्यायला मी हा लेख लिहायला बसलो आहे. सिनेमाची परीक्षणं लिहायला दुसरे पुष्कळ आहेत, त्यांना इंग्रजी शब्दही चांगले येतात.

आम्ही जरीपटक्याच्या अंगाला राहतो. जरीपटका म्हणजे मराठेशाहीचं जरीचं निशाण, पेशव्यांच्या फौजेपुढं नाचवलं जायचं ते. आज त्या नावाच्या सावलीत एकीकडं फाळणीत सगळं गमावून आलेल्या सिंधी माणसांची घरंदुकानं आहेत, दुसरीकडं आमच्या वस्त्या, निळे झेंडे, आणि पलीकडं इंदोऱ्याचं बुद्धविहार. इतिहासालाही कधी कधी थट्टा सुचते. याच जरीपटक्यात कस्तुरबा नगर. सिनेमावाल्यांनी त्याचं 'राही नगर' केलं. आमची बोली पुसली, आणि मुंबईच्या हिंदीत आमच्या बाया बोलायला लावल्या. असो. नाव बदललं म्हणून वस्ती काही उठून जात नाही.

घडलं ते थोडक्यात सांगतो, कारण आपल्यातल्या विशीतल्या पोट्ट्यांना ते मोबाइलवरच्या तीस सेकंदांपुरतंच ठाऊक आहे.

अक्कू यादव. खरं नाव भारत कालीचरण यादव. दूधवाल्याचा पोरगा, कस्तुरबा नगरातच वाढलेला. तो कुणी सरदार नव्हता, सावकार नव्हता, वाड्यावरचा पाटील नव्हता. वस्तीच्याच गल्लीतला गुंड. खंडणी, घरं फोडणं, खून, आणि बायांवर बलात्कार. वर्षानुवर्षं. त्याला अनेकदा अटक झाली आणि अनेकदा तो सुटला. बाया तक्रार घेऊन गेल्या की त्यांनाच उलटं विचारलं जायचं. पोलीस त्याच्याकडून पैसे आणि दारू घेतात, हा बायांचा उघड आरोप होता. बलात्कार हे त्याचं वस्तीला गप्प ठेवायचं साधन होतं. एका घरात तो शिरला की शेजारची दहा घरं आपली दारं लावून घ्यायची. माणसं काही भेकड नव्हती. पण बोंब मारून उपयोग काय, हा अनुभव होता.

२००४ च्या ऑगस्टाच्या सुरुवातीला त्यानं उषा नारायणे यांच्या घराला वेढा घातला. आंबेडकरी घर. मुलं शिकलेली, उषा स्वतः हॉटेल मॅनेजमेंट केलेल्या. ॲसिड टाकीन म्हणून तो दाराबाहेर धमकावत होता. त्यांनी आतून गॅसचं सिलिंडर उघडलं आणि सांगितलं, आत आलास तर काडी ओढते, तुझ्यासकट सगळं उडवते. तो मागं हटला. वस्तीनं हे पाहिलं. तो मागं हटू शकतो, हे पहिल्यांदा पाहिलं. मग लोक जमले आणि त्याचं घर पाडून जाळलं. तो पोलिसांच्या स्वाधीन झाला. त्याच्यासाठी आता ठाणं हीच सगळ्यांत सुरक्षित जागा उरली होती. आमच्या बायांना ती जागा कधीच सुरक्षित नव्हती, हा फरक ध्यानात ठेवा.

१३ ऑगस्ट २००४. तो जामिनावर सुटणार अशी हवा वस्तीत पसरली. शेकडो बाया सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात गेल्या. दुपारी अडीच-तीनचा सुमार. बायांच्या सांगण्याप्रमाणं, ज्या बाईवर त्यानं बलात्कार केला होता तिला पाहून तो तिला वेश्या म्हणाला, पुन्हा करीन म्हणाला, आणि सोबतचा पोलीस हसला. तिनं पायातली चप्पल काढली. पुढच्या पंधरा मिनिटांत तिखट, दगड, भाजी चिरायच्या सुऱ्या. सत्तरच्या वर वार. कोर्टाच्या खोलीतल्या फरशीवर तो मेला.

पोलिसांनी लगेच पाच बायांना धरलं. मग सगळी वस्तीच म्हणू लागली, आम्हीच मारलं, आम्हा सगळ्यांना धरा. शहरात निदर्शनं झाली, त्या पाच जणी सुटल्या. नंतर आरोपींची यादी वाढली. बाया आल्या, पुरुषही आले. उषा नारायणे यांना सूत्रधार म्हणून अटक झाली. खटला चालला. कसला चालला, रखडला. १० नोव्हेंबर २०१४ ला उरलेले आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. दहा वर्षं आणि तीन महिने.

आता सिनेमाकडं या. मी त्याला शिव्या घालणार नाही. सार्थक दासगुप्ताच्या या सिनेमानं एक गोष्ट केली जी हिंदी सिनेमा सहसा टाळतो. त्यानं जातीचं नाव घेतलं. रिंकू राजगुरूची आशा सुर्वे जात हा शब्द गिळत नाही, समोरच्याच्या तोंडावर फेकते. 'सैराट'मध्ये पाटलाची पोर झालेली रिंकू इथं आपल्या वस्तीची पोर होते, हे पाहून आमच्या गल्लीतल्या पोरींनी शिट्ट्या मारल्या होत्या. अमोल पालेकरांनी वठवलेला निवृत्त न्यायाधीश विठ्ठल डांगळे हाही आपलाच माणूस आहे, वर गेलेला, कायद्याच्या पुस्तकात जात विसरू पाहणारा. असे आपल्यात ढीगभर आहेत. चौदा ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर गाडीची काच वर करून येतात आणि काच वर करूनच जातात. तो माणूस सिनेमानं बरोबर पकडला.

पण पकडला आणि तिथंच अडकला! सिनेमा त्या म्हाताऱ्याच्या जागं होण्याची गोष्ट होऊन बसला. बाया खून करतात, आणि मन बदलतं ते न्यायाधीशाचं. वकील म्हणून जोशी येतो, बातमीदार बाई येते, समिती बसते, चर्चा झडते. बाया मागं बाकावर. त्यांच्या घरात त्या दिवशी चूल पेटली का, पोरं कुणाकडं ठेवली, जामीन कुणी भरला, मालकिणीनं कामावरून काढलं का, यातलं काही नाही. दोनशे हा आकडा नावात आहे, पण दोनशेतल्या एकीचंही घर आपण नीट आतून पाहत नाही.

२०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर मालिका आली, 'इंडियन प्रिडेटर : मर्डर इन अ कोर्टरूम'. ती उमेश कुलकर्णीनं केली, 'वळू' आणि 'देऊळ' करणारा. तिनं वस्तीतल्या माणसांना तरी स्वतःच्या तोंडानं बोलू दिलं. पण नाव बघा. प्रिडेटर म्हणजे सावज मारणारं जनावर. म्हणजे तुम्ही एक हिंस्र पशू दाखवणार, तो मेला की गोष्ट संपली. त्या जनावराला दाणापाणी कुणी घातलं, पिंजऱ्याचं दार दर वेळी कुणी उघडलं, त्याचं नाव मालिकेला मिळत नाही.

सिनेमाला खून करणारी आई नेहमीच आवडत आलेली आहे, हे विसरू नका. १९५७ च्या 'मदर इंडिया'त नर्गिस पोटच्या पोराला गोळी घालते, कारण त्यानं गावच्या पोरीला पळवलं, आणि सगळा देश डोळे पुसतो. तिच्यावर ३०२ लागलं का, कोर्टात तिला कुणी उलटतपासणीत फाडलं का, हे कुणी विचारत नाही. ती भारतमाता. दुसऱ्या टोकाला कोल्हापूरची अंजनाबाई गावित. १९९६ मध्ये दोन पोरींसकट धरली गेली, लोकांची लेकरं पळवून मारल्याचा आरोप, आणि निकालाआधीच तुरुंगात मेली. तिच्यावरून २०१९ मध्ये 'पोशम पा' आला. ती राक्षसीण. एक देवी, एक राक्षसीण. या दोन खणांच्या मधे, महिन्याचा हिशेब करणारी, गुडघे दुखणारी, तारखेला जाण्यासाठी खाडा टाकणारी बाई कुठं बसवायची, हे सिनेमाला अजून कळलेलं नाही.

साऱ्या जगात गाजलेला आरोपी आईचा सिनेमा मेरिल स्ट्रीपचा. १९८८ चा. ऑस्ट्रेलियातल्या लिंडी चेंबरलेनची खरी हकिकत. १९८० च्या ऑगस्टात उलुरूच्या पायथ्याशी कुटुंब तंबू ठोकून होतं. नऊ आठवड्यांची अझारिया तंबूतून नाहीशी झाली. आई ओरडली, डिंगोनं, म्हणजे तिकडच्या रानकुत्र्यानं, माझं लेकरू नेलं. लोकांनी मानलं नाही. का? तर बाई टीव्हीवर हवी तशी रडली नाही. धर्मोपदेशकाची बायको, ताठ बोलणारी. १९८२ मध्ये तिला जन्मठेप झाली. मोटारीत लेकराचं रक्त सापडलं असं तज्ज्ञांनी सांगितलं, आणि पुढं निघालं की त्यातला मोठा भाग कंपनीनंच गाडीत फवारलेलं आवाज दाबायचं रसायन होतं. १९८६ मध्ये लेकराचं जाकीट सापडलं आणि ती सुटली. १९८८ मध्ये शिक्षा रद्द झाली. मृत्यूच्या दाखल्यावर डिंगोचं नाव यायला २०१२ उजाडलं.

ही गोष्ट मी कशाला सांगतो? त्या गोऱ्या बाईसाठी मला वाईट वाटतंच. पण त्यात एक बारीक गोष्ट आहे. त्या रात्री तिथल्या आदिवासींनी, ज्यांच्या बापजाद्यांची ती जमीन, वाळूत डिंगोचे ठसे पाहिले होते, माग काढला होता. रानातल्या कुत्र्याचं पाऊल ओळखणं ही त्यांची विद्या. कोर्टानं प्रयोगशाळेतल्या गोऱ्या साहेबांचं ऐकलं. मातीवर वाकून ठसे वाचणाऱ्या काळ्या माणसाच्या शब्दाला वजन नव्हतं. त्याचा शब्द तोलला असता तर त्या बाईचा तुरुंग कदाचित टळला असता. ज्यांना ठाऊक असतं त्यांना विचारायचं नाही, ही रीत तिकडंही आहे आणि इकडंही.

आता पुन्हा विदर्भात या. उलुरूहून थेट देसाईगंजला. १९७२ साली, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी पोरीवर अत्याचार झाला. पोलिसांनीच केला. सेशन कोर्टानं पोलीस सोडले. इथल्या नागपूर खंडपीठानं त्यांना शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये ती काढून टाकली. अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, ती ओरडल्याचं पटत नाही, म्हणून. चार कायदाशिक्षकांनी १९७९ मध्ये त्या निकालावर उघड पत्र लिहिलं, देशभर बाया रस्त्यावर आल्या, १९८३ मध्ये कायदा बदलला.

या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा दोस्तहो. मथुरेला विचारलं, तुझ्या अंगावर खुणा का नाहीत? कस्तुरबा नगरच्या बायांना विचारलं, त्याच्या अंगावर इतक्या खुणा का? एकीनं प्रतिकार दाखवला नाही म्हणून ती खोटी. दुसऱ्यांनी दाखवला म्हणून त्या आरोपी. सांगा, बाईनं नेमकं किती मारायचं? मोजमाप द्या. पाच वार चालतील? बांगडी फुटण्याएवढं चालेल?

मी खुनाची आरती ओवाळायला बसलेलो नाही. तेवढं स्पष्ट करतो, कारण आपल्यातले काही जण या प्रकरणावर कविता लिहून मोकळे होतात. त्यात रणरागिणी येतात, कालीमाता येते. काली आपल्यात कुठून आली बे? बावीस प्रतिज्ञा घेतल्यावर? बायांनी तिखट नेलं ते घरात तेवढंच हत्यार होतं म्हणून. त्यात देवीबिवी काही नाही. माणूस मारणं ही घाण गोष्ट आहे, आणि ती ज्याच्या हातून होते त्याच्या हाताचा वास जात नाही. त्या वस्तीला तिथवर कुणी ढकललं, हा माझा प्रश्न.

आणि एक शंका नेहमी काढली जाते. हे बायांचं कामच नव्हतं, पुरुषांनी मारलं आणि बायांना पुढं केलं. असेल, नसेल. कोर्टात कुणावरही सिद्ध झालं नाही, म्हणून मी कुणालाही खुनी म्हणणार नाही. पण ही शंका काढणाऱ्याचा चेहरा बघत जा. बायांनी सोसलं यावर त्याचा लगेच विश्वास बसतो. बायांनी ठरवलं, यावर बसत नाही.

आपल्यातले घटनावादी मला बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण काढून दाखवतात. मीही ते वाचलंय. रक्तरंजित मार्ग सोडा, सत्याग्रहसुद्धा सोडा, ती अराजकाची भाषा आहे, असं ते घटना समितीत म्हणाले. बरोबर. पण पुरतं वाचा. घटनेचे मार्ग मोकळे असताना दुसरा मार्ग धरायला कारण उरत नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. मोकळे असताना! कस्तुरबा नगराला मार्ग मोकळा होता का? उषा नारायणे यांनी स्थानिक ठाणं टाळून थेट उपायुक्तांकडं तक्रार नेली होती. आणि १३ ऑगस्टला दुपारी त्या कुठं होत्या? त्यांनीच नंतर सांगितलं, वस्तीत सामूहिक तक्रारीवर सह्या गोळा करत होत्या. सह्या! याहून घटनात्मक मार्ग कोणता? बाबासाहेबांच्या लेकीनं त्या दिवशी हातात पेन धरलं होतं आणि तिलाच खुनाची सूत्रधार म्हणून नेलं. सिनेमात हे दृश्य मुख्य असायला हवं होतं. एका गल्लीत एक पोरगी दारोदार सही मागतेय आणि काही किलोमीटरवर कोर्टात सगळं होऊन गेलंय. पण सह्या गोळा करणं पडद्यावर दिसायला कंटाळवाणं. रक्त चांगलं दिसतं.

तेव्हा निवृत्त न्यायाधीश भाऊ वाहाणे यांनी जाहीरपणे त्या बायांची बाजू घेतली होती. पोलिसांनी संरक्षण दिलं नाही, त्यांच्यापुढं दुसरा इलाज राहिला नव्हता, असं त्यांचं म्हणणं. शंभराहून जास्त वकिलांनी पत्रक काढलं, या बायांना आरोपी नका म्हणू, पीडित म्हणा. हे त्यांचं ऋण मान्य आहे. पण पत्रकाला तारीख एकच असते. आरोपीला किती?

२०१९ च्या डिसेंबरात हैदराबादला पोलिसांनी बलात्काराच्या खटल्यातले चार संशयित गोळ्या घालून मारले. लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली, मिठाई वाटली. पुढं न्यायमूर्ती सिरपूरकरांच्या चौकशी आयोगानं सांगितलं की पोलिसांनी जाणूनबुजून ठार मारायला गोळ्या झाडल्या होत्या. तोवर फुलं सुकली होती. वर्दीनं मारलं तर न्याय झाला, चपलेनं मारलं तर कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न. ज्या मध्यमवर्गानं २००४ मध्ये 'झुंडशाही' म्हणून अग्रलेख वाचले, त्यानंच २०१९ मध्ये पेढे खाल्ले.

कायद्यालाही नंतर जाग आली, हे नोंदवलं पाहिजे. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ नंतर, २०१३ मध्ये दंड संहितेत १६६-अ घातलं. बाईनं लैंगिक अत्याचाराची तक्रार दिली आणि पोलिसानं ती नोंदवली नाही, तर त्या पोलिसाला तुरुंग. २०२४ च्या जुलैपासून नवी न्याय संहिता आली, तीतही हे आहे. म्हणजे तक्रार न लिहिणं हा गुन्हा आहे, हे सरकारला २०१३ मध्ये कळलं. कस्तुरबा नगराला ते आधीपासून कळत होतं. फक्त तेव्हा त्याला कलम नव्हतं. आणि जेव्हा कलम आलं, तेव्हा आमच्या बाया आरोपीच्या बाकावर बसून होत्या.

म्हणून मी म्हणतो, या प्रकरणाचा खरा सिनेमा कोर्टात घडत नाही, ठाण्यातल्या टेबलावर घडतो. टेबलावर वही आहे. वहीपुढं बाई उभी आहे. हवालदार पेनाचं टोपण काढत नाही. एवढंच दृश्य, पुन्हा पुन्हा, वर्षानुवर्षं. बघणाऱ्याला ते असह्य झालं पाहिजे. तिकीट फाडून तो उठून गेला पाहिजे.

आणि आता मायकडं येतो. मी अकरा वर्षांचा होतो. माय एका बंगल्यावर धुणंभांडी करायची. बंगला कुठला, सांगत नाही. त्या घरातली सोन्याची चेन हरवली. संध्याकाळी पोलीस आले आणि मायला घेऊन गेले. बाबा ठेल्यावर होते. मी तिच्या मागं पळत गेलो, ठाण्याच्या पायरीवर बसलो. आत काय झालं, ते तिनं आजवर सांगितलेलं नाही. रात्री दहाला ती बाहेर आली. तिची एक चप्पल नव्हती. दुसरीही तिनं काढून हातात घेतली आणि आम्ही चालत घरी आलो. दुसऱ्या दिवशी चेन सापडली, धुवायच्या कपड्यांतल्या एका खिशात. निरोप आला, ये कामावर. आणि माय गेली! महिना भरायला चार दिवस बाकी होते. पगार बुडाला असता.

ठाण्याच्या वहीत काही नाही. तिला आणलं, याची नोंद नाही. बसवलं, याची नाही. सोडलं, याची नाही. ती निर्दोष आहे असं कुणी कुठं लिहिलं नाही, कारण ती आरोपी आहे असंही कुणी लिहिलं नव्हतं. मग मी मोठा झालो, पुस्तकं वाचली, 'व्यवस्था' हा शब्द शिकलो. मायच्या त्या चपलेविषयी मी कधी कुठल्या सभेत बोललो नाही. लाज वाटायची. कुणाची लाज, ते आज लिहिताना कळतंय.

आणि चळवळ? जरीपटका, इंदोरा म्हणजे आमचा बालेकिल्ला ना? इथून मोर्चे निघतात, इथून निवडणुका ठरतात. वर्षानुवर्षं तो गुंड आमच्या बालेकिल्ल्यात बायांच्या घरांत शिरत होता. तेव्हा आम्ही नामांतरावर, गटांवर, नेत्यांच्या फाटाफुटीवर बोलत होतो. जातीचा शत्रू लांब दिसतो, गावच्या चावडीवर. गल्लीतला बलात्कारी दिसत नाही. बायांचा प्रश्न आला की आपल्यातला पुरुष म्हणायचा, हे नंतर, आधी समाज. खून झाला आणि आम्हाला एकदम आठवलं की त्या बाया आपल्या आहेत. मोर्चा काढला, फोटो आले. मग तारखा सुरू झाल्या आणि आम्ही घरी गेलो.

दहा वर्षं तारीख म्हणजे काय, ते कोर्टात गेलेल्यालाच विचारा. सकाळी लवकर स्वयंपाक उरकायचा, कामाचा खाडा, ऑटोचं भाडं, कोर्टाच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसायचं, नाव पुकारलं की उठायचं, पुढची तारीख घ्यायची, परत. पोरीचं लग्न ठरवताना समोरचा विचारतो, तुमच्यावर केस आहे म्हणे. सिनेमात हा काळ एका 'काही वर्षांनंतर'मध्ये मावतो.

परवा सकाळी चहा पिताना मी मायला म्हटलं, तू पुढचं पाहिलंच नाहीस, त्या सुटतात शेवटी. खऱ्याही सुटल्या, २०१४ मध्ये, सगळ्या.

तिनं बशी खाली ठेवली.

"निकाल लागला त्या दिवशी कोर्टात कोन होतं त्यायच्या संगं?"

मी गप्प. १० नोव्हेंबर २०१४. मी रविनगरच्या बाजूला एका परिसंवादात होतो. विषय होता दलित साहित्यातील स्त्री-प्रतिमा. मी निबंध वाचला होता, सतरा पानांचा. दुसऱ्या दिवशी पेपरात निकालाची बातमी वाचली आणि कापून फाइलीत लावली.

"तू होता का?"

"नाही."

"मंग काऊन सांगून रायला मले," ती म्हणाली, आणि नळ आला म्हणून गुंड घेऊन उठली.